सगळं ठीक आहे, फक्त आवाज येत नाहीये

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. प्रबंधाचं तिसरं प्रकरण डोक्यावर बसलंय, त्यामुळे ब्लॉगकडे वळायला वेळ मिळाला नव्हता. पण मधे एक प्रकार घडला, आणि त्या प्रकरणात मी नेमकं काय म्हणते आहे हे मलाच त्या दिवशी नीट कळलं. म्हणून आज तेच सांगते.

झालं असं. विज्ञान दिनाच्या आदल्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेत एका टेबलासमोर हताश होऊन बसले होते. टेबलावर मी घरी बनवलेलं वाद्य. एकट्याने नव्हे, चौघांनी मिळून वाजवायचं. चार बाजूंना आर्डुइनोचे चार बोर्ड. प्रत्येकाला चार बटणं, एक छोटा अँप्लिफायर, एक स्पीकर, आणि शेजारच्या बोर्डाकडे जाणारी एक तार. नियम साधा होता. शेजाऱ्याकडून इशारा आला की तुमचा बोर्ड तुम्ही निवडलेला स्वर वाजवणार आणि इशारा पुढच्याला देणार. पुढचा त्याच्या पुढच्याला. असा इशारा टेबलाभोवती फिरत राहणार आणि त्यातून धून तयार होणार. दुपारी मस्त वाजत होतं. संध्याकाळी प्रदर्शनाच्या टेबलावर हलवलं, आणि एकदम गप्प.

मल्टिमीटर काढला. चारही बोर्डांना पाच व्होल्ट बरोबर मिळत होते. तारांची कंटिन्युइटी तपासली, बझर वाजला. चौघांची अर्थची तार एकमेकांना जोडलेली होती. स्पीकर बदलून पाहिले. मग प्रत्येक बोर्डात नुसता एक सूर वाजवणारा चाचणीचा प्रोग्रॅम घातला. चारही बोर्ड खणखणीत वाजले. मूळ प्रोग्रॅम परत घातला, एकत्र जोडलं, की पुन्हा शांतता. म्हणजे एकेकटे सगळे ठणठणीत, आणि एकत्र आले की मुके!

पाऊण तासाने कारण सापडलं. दुपारी चारही बोर्ड एकाच बटणावर सुरू होत होते. संध्याकाळी मी चार वेगळे अडॅप्टर एकामागून एक लावत होते, आणि पहिला बोर्ड सगळ्यात आधी. तो जागा झाला, एक सेकंद थांबला, ठरल्याप्रमाणे पहिला इशारा दिला. पण दुसरा बोर्ड तेव्हा सुरूच झालेला नव्हता. इशारा हवेत गेला. त्यानंतर चौघेही शेजाऱ्याची वाट बघत शांत बसले. पंगतीत पानं वाढून झाली आहेत, आणि जो तो दुसऱ्याने पहिला घास घ्यावा म्हणून थांबलाय, तसं. कोणाचंच काही चुकलेलं नाही आणि कोणीच जेवत नाहीये.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुझं संशोधन इतिहासाचं, हे सोल्डरिंगचे उद्योग कशाला? तर माझं प्रकरण ज्या माणसांवर आहे त्यांनी अशीच वाद्यं बनवली होती. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी, कॅलिफोर्नियात. आणि मला वाटतं, त्यांनी पुढे जे काही शोधून काढलं, ते या 'आवाज का येत नाहीये' या प्रश्नाशी झगडतानाच.

आधी एका माणसाचं वाद्य घेऊ. घरचा रेडिओ, कीबोर्ड, नाहीतर इलेक्ट्रॉनिक तानपुरा. आवाज बंद झाला की दुरुस्तीवाला काय करतो? त्याच्या डोक्यात एक साखळी असते. वीज, मग आवाज तयार करणारा भाग, मग अँप्लिफायर, मग स्पीकर. तो साखळीच्या मधोमध हात घालतो. अँप्लिफायरच्या इनपुटला बोट लावलं आणि स्पीकरमधून 'घुंऽऽ' आलं, म्हणजे पुढचा अर्धा भाग चांगला, दोष मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा अर्धा. चार-पाच पायऱ्यांत ड्राय सोल्डर किंवा तुटलेली तार सापडते. (हा बोट लावण्याचा प्रकार बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या सर्किटवरच करायचा. मेन्सच्या जवळपासही नाही!)

ही पद्धत दोन गृहीतकांवर उभी आहे. एक, साखळीला सुरुवात आणि शेवट आहे. दोन, आवाज म्हणजे तब्येत चांगली आणि शांतता म्हणजे बिघाड. चौघांच्या वाद्यात ही दोन्ही गृहीतकं कोसळतात. माझ्या टेबलावर साखळी नव्हतीच, गोल रिंगण होतं. अर्धा करायचा तर कुठून?

आता १९७६ सालात जाऊ. त्या वर्षी एमओएस टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीने किम-१ नावाचा एक बोर्ड बाजारात आणला. किंमत २४५ डॉलर. त्यावर ६५०२ हा प्रोसेसर, वेग एक मेगाहर्ट्झ, आणि वापरायला स्मृती साधारण एक किलोबाइट. म्हणजे हा लेख त्यात मावणार नाही. पहिले दोन परिच्छेदसुद्धा नाहीत. पडदा नाही, टाइप करायचा कीबोर्ड नाही, पेटी नाही, पॉवर सप्लायही आपला आपण जोडायचा. सहा आकडे दाखवणारे लाल दिवे आणि कॅल्क्युलेटरसारखी बटणं. प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत, एकेक आकडा दाबून भरायचा. वीज गेली की सगळं पुसलं. जपून ठेवायचं तर साध्या कॅसेटवर, आणि ते परत वाचायचा वेग सेकंदाला जेमतेम आठ बाइट. एक किलोबाइट भरायला दोन मिनिटं. त्यातही कॅसेटच्या आधी ००एफ१ या पत्त्यावर शून्य भरून ठेवायला विसरलात, तर भरणं फसू शकतं आणि का फसलं हे यंत्र सांगत नाही.

या बोर्डाला आवाज नव्हता. त्यातून आवाज काढायचा सगळ्यात साधा मार्ग म्हणजे बाहेर जाणाऱ्या एका तारेवरचं व्होल्टेज प्रोग्रॅमने भराभर वर-खाली करायचं. ४४० हर्ट्झचा सूर हवा तर सेकंदाला ८८० वेळा. प्रोसेसरचे ठोके सेकंदाला दहा लाख, म्हणजे दर बदलाच्या मधे साधारण ११३६ ठोके मोजत बसायचं. इथे एक गंमत आहे, ती लक्षात ठेवा. प्रोसेसर ठोके मोजत असताना दुसरं काही करू शकत नाही. मोजता मोजता त्याने शेजाऱ्याची तार बघायला नुसती मान वळवली आणि त्यात ५० ठोके जास्तीचे गेले, तर सूर ४४० वरून साधारण ४२१ वर उतरतो. म्हणजे शेजाऱ्याचं ऐकायला गेलं की आपण बेसूर होतो. भजनात नवखा टाळकरी इतरांकडे बघायला लागला की त्याचा ठेका चुकतो, तसंच.

ओकलंडमधल्या मिल्स कॉलेजच्या सेंटर फॉर कंटेम्पररी म्युझिकभोवती तेव्हा प्रयोगशील संगीतकारांचा एक घोळका होता. त्यातल्या जिम हॉर्टनने १९७६ सालीच किम-१ घेतला. त्याचं बघून इतरांनीही घेतले. मग त्यांच्या डोक्यात आलं की हे बोर्ड एकमेकांना जोडले तर? आधी दोघादोघांचे प्रयोग झाले. त्यातल्या एका प्रयोगात जॉन बिशॉफच्या यंत्राने वाजवलेल्या स्वरांनुसार हॉर्टनच्या यंत्राची धून आपली पट्टी बदलत असे. १९७८ च्या वसंतात हॉर्टन, बिशॉफ आणि रिच गोल्ड या तिघांनी बर्कलेच्या ब्लाइंड लेमन नावाच्या जागेत तीन यंत्रं जोडून वाजवली. त्याच वर्षी पुढे डेव्हिड बेहरमन सामील झाला आणि या मंडळींनी नाव घेतलं 'लीग ऑफ ऑटोमॅटिक म्युझिक कंपोझर्स'. संगणकांचं जाळं वापरणारा पहिला बँड म्हणून आज बहुतेक ठिकाणी याच लीगचं नाव घेतलं जातं. इंटरनेट घरोघरी यायच्या दीड दशक आधीची ही गोष्ट.

जोडायचे कसे? किमच्या कडेला बाहेर काढलेल्या तारा होत्या. एकाच्या बाहेर जाणाऱ्या तारा दुसऱ्याच्या आत येणाऱ्या तारांना जोडायच्या. दोन पद्धती होत्या. पहिलीत घेणाऱ्याचा प्रोग्रॅम अधूनमधून तारांकडे बघतो आणि जे असेल ते उचलतो. दुसरीत पाठवणारा 'इंटरप्ट'च्या तारेने घेणाऱ्याला सरळ ढोसतो, हातातलं काम टाकायला लावतो आणि माहिती देतो. सवडीने दारातलं वर्तमानपत्र उचलणं आणि कोणीतरी बेल वाजवून उठवणं, एवढा फरक.

आणि आता मूळ प्रश्न. अशा जोडणीत आवाज येत नाहीये. काय काय झालेलं असू शकतं? ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नाही त्यांनीही हे वाचा, कारण पुढचा इतिहास यातूनच उलगडतो.

पहिली शक्यता, अर्थ. मी तुम्हाला पाच व्होल्ट पाठवते म्हणजे कशाच्या तुलनेत पाच? दोघांची शून्याची पातळी एक नसेल तर माझं 'एक' तुम्हाला 'शून्य' वाटू शकतं. दोन वेगळे पॉवर सप्लाय असतील तर त्यांची अर्थ जोडावीच लागते. पण ती दोन वाटांनी जोडली गेली, एकदा डेटाच्या तारेबरोबर आणि एकदा मिक्सरच्या केबलमधून, तर त्या दोन वाटांचं मोठं वेटोळं तयार होतं आणि त्यात मेन्सची गुणगुण शिरते. आपल्याकडे ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० ची. आपल्या गणपती मंडळातला साउंडवाला ज्याला 'हमिंग मारतंय' म्हणतो ते हेच. म्हणजे न जोडाल तर कचरा आणि दोनदा जोडाल तर गुणगुण.

दुसरी शक्यता, मोकळी तार. शेजाऱ्याची तार निसटली तर तुमच्या यंत्राला 'काहीच नाही' असं दिसत नाही. किमसारख्या बोर्डांवर मोकळा सोडलेला इनपुट साधारणपणे 'एक' वाचला जातो. आठही तारा मोकळ्या म्हणजे २५५. यंत्राला वाटतं शेजारी ठणाणा २५५ ओरडतोय, आणि ते त्यावर इमानेइतबारे काहीतरी वाजवत राहतं. बिघाड आहे, पण आवाज आहे!

तिसरी शक्यता, माझी पंगत. सगळे एकमेकांसाठी थांबलेले. सगळे धडधाकट, आवाज शून्य.

चौथी मला सगळ्यात जास्त छळते. आवाज येतोय, छान येतोय, पण यंत्रं एकमेकांचं ऐकतच नाहीयेत. जाळं केव्हाच तुटलंय आणि तिघं आपापलं वाजवतायत. श्रोत्याला कळेल का? बिशॉफ आणि त्याच्या मित्रांनी या फरकाबद्दल लिहून ठेवलंय. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की यंत्रं जोडलेली नसतात तेव्हा तीन स्वतंत्र गोष्टी चालल्यासारखं वाटतं, आणि जोडली की संगीताला एखाद्या मनासारखा गुण येतो. ही सौंदर्यशास्त्रातली टिप्पणी म्हणून नेहमी वाचली जाते. माझ्या वाद्यावर रात्र घालवल्यावर मला ती चाचणीची रीतही वाटायला लागली. तार काढा, ऐका. तार लावा, ऐका. फरक पडला तर जाळं जिवंत आहे.

म्हणजे बघा, शांतता हा बिघाडाचा पुरावा राहिला नाही आणि आवाज हा तब्येतीचा पुरावा राहिला नाही. जोडलेल्या वाद्यांनी पहिल्यांदा मोडलं ते हे.

१९८० साली लीगने बर्कलेच्या फिनिश हॉलमध्ये एक आड एक रविवारी दुपारी बैठकी मांडल्या. मांडल्या हाच शब्द बरोबर आहे. बोर्ड, तारा, पॉवर सप्लाय सगळं टेबलांवर पसरायचं, जोडायचं, आणि मग जाळं वाजत ठेवून त्यात बदल करत राहायचे. लोक यायचे, ऐकायचे, बघायचे. साधारण याच सुमारास टिम पर्किस लीगमध्ये आला; गोल्ड आणि बेहरमन बाहेर पडले होते. दर वेळी सगळं नव्याने जोडायचं, दर वेळी कोणीतरी आपला प्रोग्रॅम बदललेला असायचा, आणि एकाने बदल केला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या शेजाऱ्यालाही आपलं तपासावं लागायचं. कारण प्रत्येक जोडणी दोन माणसांमधला खासगी करार होती. कोणत्या तारेचा अर्थ काय हे त्या दोघांनाच माहीत. तिसऱ्याने बिघाड शोधायचा तर आधी दोघांना विचारा.

१९८३ साली लीग थांबली. जिम हॉर्टनचा संधिवात वाढला होता आणि बँडची धावपळ त्याला झेपेना. हे वाक्य इतिहासाच्या लेखांमधे एका ओळीत येतं आणि पुढे सरकतं. मी मात्र दर वेळी तिथे थांबते. दर बैठकीला उचलायचं, पसरायचं, वाकून तारा लावायच्या, काढायच्या, पुन्हा लावायच्या. या संगीताचं यंत्र 'ऑटोमॅटिक' होतं. ते उभं करणं अजिबात ऑटोमॅटिक नव्हतं. ते शरीराने करायचं काम होतं, आणि शरीर थकलं तेव्हा जाळंही थांबलं.

आता पुढचा टप्पा. बिशॉफ आणि पर्किसने तारांचा हा गुंता सोडवायला एक वेगळंच यंत्र मधे ठेवलं. पुन्हा किम-१ च, पण हा किम वाजवायचा नव्हता. त्याचं काम फक्त निरोप सांभाळायचं. प्रत्येक वादकाचा संगणक या मधल्या पेटीला एकाच ठरावीक पद्धतीने जोडायचा. पेटीत सगळ्यांची सामायिक स्मृती. मी काय वाजवतेय ते मी माझ्या जागेत लिहायचं, तुम्हाला हवं तेव्हा तुम्ही वाचायचं. सोसायटीच्या जिन्याखाली सूचनांचा फळा असतो ना, तसा. या पेटीला नाव पडलं 'हब'. १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 'द नेटवर्क म्यूज' नावाचा कार्यक्रम झाला, आणि त्यानंतर जो सहा जणांचा बँड उभा राहिला त्यालाही हेच नाव मिळालं. बिशॉफ, पर्किस, ख्रिस ब्राउन, स्कॉट ग्रेशम-लँकॅस्टर, मार्क ट्रेल आणि फिल स्टोन.

हबबद्दल जे लिहिलं जातं त्यात भर असतो तो नव्या संगीतकल्पनेवर. सामायिक स्मृती म्हणजे लोकशाही, सहभाग, वगैरे. ते खोटं नाही. पण माझ्या प्रकरणातला दावा असा आहे की हब ही आधी एक दुरुस्ती होती. बिघाड शोधता यावा म्हणून केलेली सोय. विचार करा. लीगच्या जोडणीत चार यंत्रं प्रत्येकी इतर तिघांना जोडायची तर सहा जोड्या, सहा खासगी करार. सहा यंत्रं असतील तर पंधरा. मधे फळा ठेवला की सहा यंत्रांना सहाच तारा. आणि महत्त्वाचं म्हणजे आवाज येत नसेल तर आता बघायला एक जागा आहे. फळ्यावर माझं लिहिलेलं दिसतंय का? दिसत असेल तर दोष माझ्यात नाही, वाचणाऱ्यात. नसेल तर माझ्यात किंवा माझ्या तारेत. तो रेडिओवाला साखळीच्या मधोमध बोट लावत होता ना? रिंगणाला मधोमध नव्हतं. हबने रिंगणाला मध्य दिला.

आमच्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला. "पुरावा काय?" प्रश्न रास्त होता. लीगचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. २००७ साली न्यू वर्ल्ड रेकॉर्ड्सने १९७८ ते १९८३ मधल्या निवडक मुद्रणांची सीडी काढली. पण त्या मुद्रणांत काय आहे? आवाज. ज्या दुपारी वाजलं ती दुपार. टेप चालू करून कोणी शांतता मुद्रित करत नाही, आणि केली तरी सीडीवर घेत नाही. मुद्रणांवरून लिहिलेला इतिहास हा वाजलेल्याचा इतिहास असतो. त्यामागे किती वेळ चार माणसं टेबलाखाली वाकलेली होती ते त्यात कुठेच नाही.

मी सरांना म्हटलं, पेटीच पुरावा आहे. माणसं जी सोय करतात त्यावरून त्यांना काय टोचत होतं ते कळतं. दाराला दोन कड्या असतील तर एक कधीतरी निसटली होती. सर हसले. म्हणाले, "हे लिही. पण मग ही कडी पुढेही निसटते का, तेही बघ." म्हणून पुढचं बघितलं.

१९८७ साली न्यूयॉर्कमध्ये हबचा एक कार्यक्रम झाला. तीन वादक एका जागी, क्लॉकटॉवरमध्ये. उरलेले तीन दुसऱ्या जागी, एक्सपेरिमेंटल इंटरमीडिया फाउंडेशनमध्ये. दोन्हीकडे एकेक हब आणि मधे टेलिफोनच्या तारेवर मोडेम. एका ठिकाणचा आवाज दुसरीकडे जात नव्हता, जात होती फक्त माहिती. शेजाऱ्याचं संगीत कानाला ऐकूच येत नाही, पण ते तुमच्या संगीतात मिसळतंय. इथे तर कानाने तपासणं पूर्णच संपलं. दुसऱ्या जागेतला मित्र गप्प आहे, की तो वाजवतोय आणि फोनची लाइन गेलीय? सांगणार फक्त फळा.

१९९० च्या आसपास हबने मिडी ही सर्वत्र रुळलेली पद्धत घेतली. मिडीचे फायदे मोठे. त्यात निरोप घेणाऱ्याच्या बाजूला प्रकाशाचा जोड असतो. एका बाजूला छोटा दिवा, दुसऱ्या बाजूला त्याचा उजेड पाहणारा भाग, मधे विजेचा संबंधच नाही. त्यामुळे त्या वाटेने अर्थचं वेटोळं बनत नाही. पण फळा गेला. आता निरोप नेमक्या पत्त्यावर जायचे. याच काळातली पर्किसची 'वॅक्सलिप्स' ही रचना फार साध्या नियमावर आहे. कोणी तुम्हाला एक स्वर वाजवायला सांगितला की तो वाजवा, मग त्यात ठरलेला बदल करून नवा स्वर दुसऱ्या कोणालातरी सांगा. बस्स. माझ्या टेबलावरचं रिंगण याच कल्पनेचं गरीब भावंड आहे, आणि त्याचा धोकाही तोच. सांगितलेला निरोप वाटेत पडला तर तो पुन्हा बघायला कुठेच लिहिलेला नसतो.

आणि कडी निसटली ती १९९७ साली. 'पॉइंट्स ऑफ प्रेझेन्स' या कार्यक्रमात वादक तीन ठिकाणी होते. ओकलंडचं मिल्स कॉलेज, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स आणि ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी. मधे इंटरनेट. वेगवेगळे संगणक, वेगवेगळे वेग, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम. बहुतेक सगळी शक्ती प्रोग्रॅममधले दोष काढण्यात गेली आणि प्रत्यक्ष एकत्र वाजवणं फार थोडा वेळ झालं. त्यानंतर हब काही वर्षं थांबला. त्यातल्याच ब्राउन आणि बिशॉफने हे सगळं मोकळेपणाने लिहून ठेवलं, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. दहा वर्षांपूर्वी फोनच्या तारेवर जे जमलं होतं ते इंटरनेटवर अवघड गेलं! टेबलाखाली वाकून एकमेकांच्या तारा बघता येत होत्या, ती सोय तीन शहरांत नव्हती. 'अरे, तुझा दिवा लागलाय का बघ' हे ओरडून विचारता येणं हाही जाळ्याचाच एक भाग होता, आणि तो कोणत्याच आकृतीत काढलेला नव्हता.

हे सगळं मी सरांना दिलंय. त्यांच्या लाल शाईची वाट बघतेय.

जाता जाता, तुमच्यापैकी कोणी पसोड्या विठोबाजवळून किंवा लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून असं काही करणार असाल तर माझ्या पाऊण तासाची कमाई घ्या. आधी प्रत्येक बोर्ड एकटा वाजवून बघा. मग दोनच जोडा, मग तिसरा. अर्थ एकदाच आणि नक्की जोडा. प्रत्येक बोर्डावर दोन दिवे लावा, 'निरोप आला' आणि 'निरोप गेला'. कान काय सांगतात त्यापेक्षा हे दिवे काय सांगतात ते आधी बघा. बोर्ड एकामागून एक सुरू करून बघा, उलट्या क्रमानेही करून बघा. आणि कोणीही कायमचं वाट बघत बसणार नाही अशी सोय प्रोग्रॅममध्ये ठेवा.

ती शेवटची सोय मी त्या रात्री केली. दोन सेकंद इशारा आला नाही तर पहिल्या बोर्डाने आपणच सुरुवात करायची. एवढंच. रिंगण लगेच वाजायला लागलं आणि मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात शाळेतली चार मुलं बसली. त्यातल्या एका मुलीने तिचं बटण दाबूनच धरलं. स्वर लांबला, इशारा तिच्यापाशी अडला. दोन सेकंदांनी पहिल्या बोर्डाला वाटलं इशारा हरवला, म्हणून त्याने नवा सोडला. मग तिने बोट उचललं. आता टेबलाभोवती दोन इशारे फिरायला लागले, एकामागे एक, आणि एका धुनेच्या पाठीमागे तीच धून धावायला लागली. माझ्या दुरुस्तीतून निघालेला हा नवा दोष होता. मी घाईने रिसेटकडे हात नेला, तर ती मुलगी म्हणाली, "ताई, थांबा ना. आता छान वाजतंय."

थांबले. तो दोष मी अजून काढलेला नाही.